धैर्याचा रकाना

"बाई, हलू नका, पावडर चष्म्यावर उडतेय," नंदू शेटे म्हणाला आणि माझ्या कपाळावर पफ आपटत राहिला.

"नंदू, मला परीक्षक म्हणून बसवतोयस की बोहल्यावर चढवतोयस?"

"घाम चमकतो कॅमेऱ्यात. पंखा लावता येत नाही, त्याचा आवाज माईकमध्ये जातो. दोन तास सोसा."

कोळनूरच्या मंगल कार्यालयावरची ती खोली म्हणजे नंदूच्या केबलचा स्टुडिओ. एरवी तिथून रोज संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या, वाढदिवस आणि हरवलेल्या गाई-म्हशी दाखवायचे. भिंतीला निळा पडदा, समोर तीन खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे एक माईक. बाजूला आम्हा तीन परीक्षकांचं टेबल. टेबलावर मी घरून आणलेली पितळी घंटा. तेहतीस वर्षं मी वक्तृत्व स्पर्धांमध्ये ती वाजवली होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल आणि नारळ दिला, घंटा मी मागून घेतली.

ही दोन हजार एक सालची, नोव्हेंबरातली गोष्ट. त्या वर्षी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. आमच्या शहर विकास आघाडीत उमेदवारी मागणारे तिघं होते, आणि तिघांनीही 'मला नाही मिळाली तर फुटून निघेन' असं सांगून ठेवलं होतं. आघाडीचे अध्यक्ष बापूसाहेब निकुंभ वैतागले. म्हणाले, तिघांना केबलवर बसवा, गावाला विचारू द्या प्रश्न, तिघं परीक्षक गुण देतील, ज्याला जास्त त्याला तिकीट. सगळ्या गावानं पाहिलेलं असलं म्हणजे मागाहून कुणाला ओरडता येणार नाही. परीक्षक म्हणून डॉक्टर बेलसरे, निवृत्त पोस्टमास्तर मोमीनसाहेब आणि मी.

गुणपत्रिका माझीच होती. शाळेत उरलेले सायक्लोस्टाइल केलेले वक्तृत्वाचे कागद. त्यावरचं 'उच्चार' खोडून मी 'प्रामाणिकपणा' लिहिलं, 'हावभाव' खोडून 'धैर्य', आणि 'विषयमांडणी' खोडून 'शहराची माहिती'. पहिल्या दोन रकान्यांना वीस-वीस गुण, तिसऱ्याला दहा. कागदाच्या तळाशी एक नियम छापलेला होता, तो मी तसाच राहू दिला. परीक्षकाचा स्पर्धकाशी काही हितसंबंध निघाला तर त्या परीक्षकाचे सगळे गुण बाद. अडुसष्ट साली एका परीक्षकानं स्वतःच्या भाचीला पहिलं आणलं, तेव्हा तो नियम मीच लिहिला होता.

नंदूनं तो वाचला आणि म्हणाला, "बाई, मग तुमचे गुण आत्ताच बाद. जयवंतदादा तुमचा विद्यार्थी."

"गावातले निम्मे लोक माझे विद्यार्थी आहेत. विद्यार्थी म्हणजे हितसंबंध नव्हे. तू तर दोनदा नापास झालास, तरी पावडर लावतोसच ना?"

सहाला तिघं येऊन बसले. डावीकडे वकील जयवंत सोनटक्के. पांढरा सदरा, केस नीट, बसण्यात ऐट. मधे दूध संघाचे प्रल्हाद काकडे. आणि उजवीकडे सरूताई भडांगे. सरूताईंची एसटी स्टँडजवळ खानावळ होती. दोनदा नगरसेविका झालेल्या, पाणीपुरवठा समितीच्या सभापती राहिलेल्या. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता आणि माईककडे त्या उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा बघत होत्या.

प्रश्न गावकऱ्यांनी पोस्टकार्डांवर पाठवले होते. ती निवडून पाकिटात बंद करायचं काम मोमीनसाहेबांचं. कोणते प्रश्न निवडले ते त्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं. नंदू एकेक कार्ड वाचायचा, तिघांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं, मी घंटा वाजवायची.

पहिले चार प्रश्न रस्ते, भाजीबाजार, डुकरं आणि दवाखाना. जयवंत झकास बोलत होता. आकडे तोंडपाठ, वाक्य कुठे मोडायचं ते ठाऊक. काकड्यांचं प्रत्येक उत्तर 'हा विषय वरिष्ठांच्या कानावर घालू' इथे येऊन थांबायचं. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा मोमीनसाहेब माझ्याकडे झुकून पुटपुटले, "बाई, यांचे गुण वरिष्ठांनाच देऊन टाकू."

सरूताई अडखळत होत्या. मधेच थांबायच्या, पदरानं ओठ टिपायच्या, पुन्हा सुरू करायच्या. जुन्या सवयीनं माझी पेन्सिल प्रत्येक अडखळण्याला अर्धा गुण कापायला निघायची. मग मला आठवायचं की तो रकाना मीच खोडलाय.

नंदूनं पाचवं कार्ड उचललं.

"खालच्या आळीतून आलंय, नाव नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीत काविळीची साथ आली. चाळीस जण आजारी पडले, गांगुर्ड्यांची नववीतली मुलगी गेली. ती साथ का आली, हे आजवर कुणी सांगितलं नाही. तुमच्यापैकी कोण सांगतं?"

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली.

काकड्यांनी वरिष्ठांचं नाव घेतलं. मग जयवंत. तो म्हणाला, "मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो." आणि त्यानं नजर खाली घातली. क्षणभर गप्प बसला, मग हळूच वर पाहिलं. आवाज थोडा दाटला होता. "त्या दिवसांत मी खालच्या आळीत घरोघर फिरलो. त्या मुलीच्या घरचा आक्रोश अजून माझ्या कानांत आहे. पण सत्य असं की प्रशासनानं अहवालात 'जलवाहिनी जीर्ण' एवढे दोन शब्द लिहून हात झटकले. मी निवडून आलो तर पहिली सही नव्या वाहिनीच्या ठरावावर करीन."

डॉक्टर बेलसऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मीही प्रामाणिकपणाच्या रकान्यात सतरा लिहिले.

आणि लिहिता लिहिता मला स्टाफरूममधला आरसा आठवला. बहात्तर साल, आठवीतला जयवंत, आंतरशालेय स्पर्धा. 'मनापासूनचं वाक्य असलं की आधी खाली बघ. मनात एक, दोन, तीन मोज. मग वर बघ. ऐकणाऱ्याला वाटतं, शब्द पोटातून आला.' आठवडाभर मी त्याच्याकडून ते करून घेतलं होतं. ढाल आणली होती पोरानं. आत्ता मीसुद्धा त्याच्याबरोबर मनात मोजलं होतं, एक, दोन, तीन, आणि तरी फसले होते. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं मी सतरा खोडले आणि अकरा लिहिले. धैर्याच्या रकान्यातही अकरा. माहितीला नऊ.

आता सरूताई. त्या इतका वेळ गप्प राहिल्या की नंदूला वाटलं माईक बंद पडला. तो उठायला लागला तेव्हा त्या बोलल्या.

"वाहिनी जुनी होती हे खरं. पण नुसती जुनी असून कावीळ होत नाही. शाळेच्या मुलींच्या संडासाची टाकी वाहिनीपासून आठ फुटांवर खोदली होती. इंजिनिअरनं नकाशा आणून दाखवला होता, तीस फूट लांब घ्या म्हणून. परवानगीवर सही माझी आहे. दोन पावसाळ्यांत टाकी पाझरली, वाहिनीला चीर होती, घाण पाण्यात गेली. फाईल नगरपालिकेत आहे. कुणीही जाऊन बघावं."

तिकीट मागायला आलेली बाई सगळ्या गावासमोर आपल्या सहीनं माणूस मेलं असं सांगत होती. मी प्रामाणिकपणाला अठरा लिहिले, धैर्याला एकोणीस, माहितीला सात. धैर्याला वीस माझ्या हातून सुटले नाहीत. पूर्ण गुण मी आयुष्यात कुणाला दिले नव्हते.

त्यानंतरचा नियम असा होता की उमेदवारांनी एकमेकांना एक प्रश्न विचारायचा. जयवंत लगेच वळला.

"ताई, इंजिनिअर नाही म्हणत असताना तुम्ही सही का केली? कुणाच्या सांगण्यावरून? कंत्राटदाराच्या?"

"सही माझी आहे."

"ते झालं. सांगितलं कुणी?"

"मला वाचता येतं, भाऊ. नकाशा मला कळत होता. सही करताना कुणी माझा हात धरला नव्हता."

"म्हणजे कुणीतरी होतं." जयवंत आता कॅमेऱ्याकडे बघत होता. "ताई कुणाला तरी झाकताहेत. का झाकताहेत, त्याबद्दल त्यांना काय मिळालं, ते त्याच जाणोत. अर्धं खरं सांगणाऱ्याला प्रामाणिकपणाचे किती गुण द्यायचे, ते परीक्षकांनी ठरवावं."

सरूताईंनी पदरानं ओठ टिपले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पूर्ण संध्याकाळभर पाहिलं नव्हतं.

ते कुणीतरी म्हणजे मी होते.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात मी त्यांच्या खानावळीत जाऊन बसले होते. शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. आठवीनंतर मुली शाळा सोडायच्या, दर वर्षी वीस-पंचवीस. मंजुरी आली होती, जूनच्या आत बांधायला हवं होतं. तीस फूट लांब घ्यायचं तर व्यासपीठ पाडावं लागणार, पुन्हा मंजुरी, आणखी एक वर्ष. मी म्हणाले होते, "सरूताई, इंजिनिअरला मुली नाहीत वाटतं. तुम्हाला तीन आहेत. करा सही." त्यांनी नकाशा पुढे सरकवला होता. मी तो बघितलाही नाही. परत त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी हात पुसून सही केली.

साथ आली, मुलगी गेली, अहवाल आला, मी निवृत्त झाले. आम्ही दोघी त्यावर एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. खालच्या आळीतून जायचा रस्ता मी सोडून दिला होता, बाजारला लांबून वळसा घालून जायची.

आता माझ्यापुढे तळाशी छापलेला नियम होता. मी बोलले तर माझे गुण बाद. सरूताईंना चव्वेचाळीस दिले होते, जयवंताला एकतीस. त्यांचं तिकीट कदाचित त्या कागदावरच होतं. गप्प राहिले तर बहुधा त्या जिंकतील, पण कंत्राटदाराकडून काहीतरी घेतलेली बाई म्हणून. मला वेळ नव्हता. वेळ पाळायला घंटा होती, ती मी वाजवली.

"बाई, अजून चाळीस सेकंद आहेत," नंदू म्हणाला.

मी उठले. कॅमेरामन गोंधळला. परीक्षकांच्या टेबलावर माईक नव्हता. मी चालत सरूताईंच्या खुर्चीपाशी गेले. त्यांनी मान वर केली आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, बसा खाली. गुण जातील."

माईक चालू होता. ते सगळ्या गावानं ऐकलं.

मी माईककडे वाकले. "शाळेची मुख्याध्यापिका मी होते. सरूताईंच्या मागे लागून सही मी करवून घेतली. नकाशा त्यांनी माझ्यापुढे ठेवला होता, मी बघितला नाही. त्यात कुणी कुणाला काही दिलं-घेतलं नाही. हे मी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. माझे गुण नियमाप्रमाणे बाद समजावेत."

आणि जागेवर येऊन बसले. मोमीनसाहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. नंदूनं सहावं कार्ड वाचलं. काय प्रश्न होता ते मला आठवत नाही.

आठला बापूसाहेबांनी निकाल वाचला. उरलेल्या दोघा परीक्षकांचेच गुण धरून जयवंत सोनटक्के त्र्याऐंशी, सरस्वती भडांगे शहात्तर, प्रल्हाद काकडे एकेचाळीस. तिकीट जयवंताला.

जिन्यात त्यानं मला गाठलं. पाया पडला. मी पाठीवर हात ठेवला.

"बाई, मला ठाऊक असतं तर मी विचारलं नसतं."

"का? मी होते म्हणून?"

त्यानं सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाला, "तुम्ही मला प्रामाणिकपणात किती दिले होते?"

"अकरा."

"फक्त?"

"तू खाली बघून तीन आकडे मोजलेस, जयवंता."

तो ओशाळला. बेचाळीस वर्षांचा वकील, पण कान आठवीतल्यासारखे लाल झाले. "मोजले. पण बाई, ते तुम्हीच..."

"मीच शिकवलं. म्हणून नऊच कापले."

तो हसला नाही. खाली बघत उभा राहिला, आणि या वेळी काही मोजत नव्हता. "आळीत मी खरंच फिरलो होतो, बाई," म्हणाला आणि निघून गेला.

खाली चपलांच्या ढिगात सरूताई आपली चप्पल शोधत होत्या.

"काय वो बाई, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"जयवंतानं विचारलं होतं."

"मला विचारलं होतं. तुम्हाला नव्हे." एक चप्पल सापडली, ती त्यांनी पायात घातली. "किती दिले होते मला?"

"चव्वेचाळीस."

"आणि त्याला?"

"एकतीस."

खानावळ चालवणाऱ्या बाईला हिशेबाला कागद लागत नाही. त्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. "माझे एकशे वीस, त्याचे एकशे चौदा. सहा गुणांनी नगराध्यक्ष झाले असते की मी. लाल दिव्याची गाडी खानावळीसमोर लावली असती. तुम्ही उठलात आणि घालवलंत."

"सरूताई, मला..."

"राहू द्या." डोळे पुसत त्या उठल्या. दुसरी चप्पल माझ्याच पायाखाली होती, ती ओढून घेतली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"गांगुर्ड्यांकडे टीव्ही नाही, बाई," म्हणाल्या, आणि रस्त्याला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या आळीत गेले. वळसा न घालता. लोक दारांतून बघत होते. उज्ज्वला गांगुर्डे माझ्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसायची, तिचं घर मला ठाऊक होतं, साथीच्या आधी एकदा आले होते. तिची आई अनसूया ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, काल सांगितलं होतं तेच, पण इथे ते लांबलं. दोनदा थांबले. आवाज नीट लागेना. तेहतीस वर्षं मुलांना बोलायला शिकवलं, पण त्या ओट्यापाशी मला त्यातलं काहीही कामाला आलं नाही.

अनसूयानं पूर्ण ऐकून घेतलं.

"पहाटे नळावर कळलं मला," ती म्हणाली. "बायका सांगत होत्या. म्हटलं, बघू, बाई येतात का."

तिनं ओट्यावर सांडलेले तांदूळ हातानं एका बाजूला केले.

"सरूताई तेव्हाच येऊन गेल्या. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. इथंच बसल्या होत्या. ह्यांनी त्यांना फार बोलून घेतलं, हाकललं सुद्धा. त्या पुन्हा आल्या. दर महिन्याला येतात अजून, डबा घेऊन. मी विचारलं होतं त्यांना, एकट्या तुम्हीच होता का म्हणून. तर म्हणाल्या, आणखी एक आहे, पण जिचं तिनं सांगावं."

ती आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. माझ्यापुढे धरलं.

"घ्या. उकळलेलं आहे. त्या सालापासून उकळूनच पितो."

मी ओट्यावर बसले आणि ते पाणी प्यायले. ती पुन्हा पाखडायला लागली. पाखडता पाखडताच म्हणाली, "धाकटी पाचवीत आहे. तुमच्याच शाळेत घातलीय. टाकी हलवायला सांगा तेवढी."

टाकी हलली. जयवंत निवडून आला. पहिली सही त्यानं नव्या वाहिनीच्या ठरावावर केली, दुसरी व्यासपीठ पाडायच्या परवानगीवर. सरूताई पुन्हा पाणीपुरवठ्याच्या सभापती झाल्या, आणि मोजपट्टी घेऊन स्वतः खड्ड्यात उतरल्या. तीस फुटांऐवजी छत्तीस घेतले. आता त्या नाहीत. अनसूयाची धाकटी त्याच शाळेत शिक्षिका आहे, आणि माझी घंटा तिच्याकडे आहे.

पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी मी खालच्या आळीतून घरी आले, तेव्हा रात्री स्टुडिओतून आणलेली बाद गुणपत्रिका टेबलावरच होती. आता तिचा कुणालाही उपयोग नव्हता. मी पेन्सिल घेतली, सरूताईंच्या धैर्याच्या रकान्यातले एकोणीस रबरानं नीट खोडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे वीस लिहिले.